शून्य लावताना

१

शून्य लावताना हात वर करायचे, हा त्या कारखान्यातला एकुलता एक कायदा होता. बाकी कशालाच कायदा नव्हता. चहा भुशावर सांडला तरी चालायचा, दुपारचं जेवण संध्याकाळवर गेलं तरी चालायचं, आणि दोघी जावा एकमेकींना काय काय बोलायच्या ते ऐकायची भिंतींना सवय होती. पण धाकटीने बटणावर बोट ठेवून "हात वर" म्हटलं, की थोरलीने हातातलं हत्यार खाली ठेवून, पकडलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर करून मागे व्हायचं. ती व्हायची. तोंडाने काही ना काही चालू ठेवून, पण व्हायची.

दोघी मिळून वाजणारं फर्निचर बनवायच्या. खणांचं कपाट असायचं, त्याचा खण जितका ओढाल तितका सूर चढायचा. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं की तार छेडल्यासारखा आवाज यायचा. स्टुलावर थाप मारली की खालून ढोल बोलायचा. लाकूड थोरलीचं, आवाज धाकटीचा. थोरली सुतारकाम सासऱ्यांकडून शिकली होती, कारण सासऱ्यांच्या दोन्ही मुलांना रंधा धरायचा कंटाळा. धाकटीला कोणीच शिकवलं नव्हतं. बंद पडलेले रेडिओ उघडून उघडून ती शिकली. पहिला रेडिओ तिने परत बसवला तेव्हा मूठभर स्क्रू उरले होते आणि रेडिओ आधीपेक्षा बरा वाजत होता. हे ती भेटेल त्याला, न विचारता, सांगायची. ते दोघे भाऊ केव्हाच गेले. जावा राहिल्या, कारखाना राहिला. धाकटी थोरलीला एरवी 'तुम्ही' म्हणायची आणि भांडणात 'तू', त्यामुळे दिवसातला बराच वेळ 'तू'च म्हणायची.

आता ते शून्य म्हणजे काय, तर लाकडाच्या पोटात तांब्याच्या पट्ट्या असतात. माणसाचं अंग जवळ आलं की त्या पट्ट्यांना कळतं, मीटरचा काटा उजवीकडे सरकतो आणि सूर लागतो. अंग माणसाचंच लागतं. उशी ठेवा, पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, काटा ढिम्म. पण 'कोणी नाही' म्हणजे काय, हे त्या यंत्राला आधी शिकवावं लागतं. रिकामं लाकूड दाखवून बटण दाबायचं, हे झालं शून्य. त्या वेळी कोणाचा हात लाकडावर राहिला, तर यंत्राला वाटतं, हात असणं म्हणजेच रिकामं. मग हात उचलला की काटा शून्याच्या डावीकडे पडतो. रिकाम्यापेक्षाही रिकामं. ही चूक कानाला कळावी म्हणून धाकटीने डावीकडे एक खास सूर बसवला होता. खोल, घोगरा, चालू झाला की न संपणारा. थोरलीने त्याचं नाव ठेवलं म्हैस.

"म्हैस हंबरली. कोणाचा हात होता?"

"माझा नव्हता."

"मग काय सासऱ्यांचा होता?"

"असेल. त्यांना तुझं काम कधी पसंत नव्हतंच."

हात थोरलीचाच असायचा. पॉलिश वाळलं की नाही ते बघायला तिचं एक बोट लाकडावर मागे राहायचंच.

२

शेवटचा बाक अंध मुलांच्या शाळेसाठी होता. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात ठेवायचा, मूल बसेल तिथे सूर लागेल असा. एका पाडलेल्या घराचं जुनं दार थोरलीने त्यासाठी निवडलं आणि त्यातून तीन माणसं आरामात बसतील एवढा बाक काढला. डाव्या टोकाचा, कोपर टेकायचा हात सोडला तर काम झालं होतं. त्या हाताची गोलाई काढता काढता एका सकाळी ती खाली भुशात बसली. धाकटी ओरडली, "तिथे काय बसता, फरशी गार आहे." उत्तर आलं नाही.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. दवाखान्यातून आणली ती आतल्या खोलीत ठेवली. आतली खोली आणि कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. या बाजूला पलंगाची उशी, त्या बाजूला बाक. थोरली कधी डोळे उघडायची, छताकडे बघायची, परत मिटायची.

"वाट बघायची," डॉक्टर म्हणाले.

"कशाची?" धाकटीने विचारलं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पिशवीत भरायला बराच वेळ लावला.

एका दुपारी थोरलीला भरवून, तोंड पुसून, तिला झोप लागलेली बघून धाकटी कारखान्यात आली. बाकाच्या पट्ट्या बसवून झाल्या होत्या. तिने दार लावलं, खिडकी लावली. सवयीने रिकाम्या खोलीला "हात वर" म्हणाली आणि लांबूनच बटण दाबलं. तिन्ही जागांचे काटे मधोमध उभे राहिले. सगळं शांत.

ती सोल्डरिंगची सळई जागेवर ठेवायला वळली, आणि मागे म्हैस हंबरली.

"कोणाचा हात होता?" तिच्या तोंडून निघून गेलं. आपण कोणाला विचारतोय हे लक्षात आल्यावर ती स्वतःवरच चिडली.

३

धाकटी भुताखेतांची बाई नव्हती. तिच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, जोडलेली वायर आणि सुटलेली वायर. तिने स्पीकर बदलला. अ‍ॅडॉप्टर काढून बॅटरी लावली. लाकडात ओल असेल म्हणून बाकाखाली मोठा दिवा लावून ते तापवलं. मग बाकाखाली आडवी होऊन टॉर्चने एकेक जोड तपासला, आणि या वयात आडवं होणं सोपं नि उठणं अवघड, हेही त्या निमित्ताने तपासून झालं. मधल्या पट्ट्या ठीक होत्या. उजव्या ठीक होत्या. डावं टोक तेवढं हंबरत होतं.

तिने डाव्या टोकावर तळहात टेकला. काटा जरा वर आला, पण शून्याला पोचला नाही. दोन्ही हात टेकले, तरी नाही. शेवटी ती तिथे बसली, पाठ टेकून, कोपर बाकाच्या अर्धवट हातावर ठेवून. काटा मधोमध आला. म्हैस गप्प झाली.

म्हणजे शून्य लावताना तिथे कोणाचा हात राहिला नव्हता. पुरतं माणूस बसलेलं होतं.

ती उठली. आवाज परत सुरू झाला. ती खोलीच्या मधोमध उभी राहून ऐकत होती, आणि तिच्यादेखत, कोणी काही न करता, तो थांबला. काटा आपला आपण वर आला. एकदम नाही आला. म्हातारं माणूस बसतं तसा आला, आधी निम्मा, मग क्षणभर थांबून उरलेला.

दुसरी कोणी असती तर तिने पुन्हा शून्य लावून विषय संपवला असता. पण चूक कळल्याशिवाय पुसायची नाही, हा धाकटीचा जुना हट्ट. तिने बटणाला हात लावला नाही. ती आत जाऊन थोरलीच्या पायांवरचं पांघरूण नीट करून आली. ते नीटच होतं.

४

कळलं ते असंच कळलं. ती थोरलीच्या ओठांना ओलं फडकं लावत होती, आणि भिंतीपलीकडे म्हैस हंबरली. त्याच क्षणी थोरलीने डोळे उघडले. थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, मिटल्या, आणि पलीकडचा आवाज थांबला.

योगायोग, धाकटी म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही बसली. डोळे उघडले की म्हैस चालू, मिटले की बंद. झोप लागली की थोरली पलीकडे जाऊन बाकावर बसत होती. जाग आली की बाक रिकामा करून पलंगावर परतत होती. शून्य लावलं तेव्हा ती झोपलेलीच होती की.

या ठिकाणी घाबरायला हवं होतं. पण दिवसभर एकटीने आजाऱ्याचं करणाऱ्या बाईला घाबरायला सवड कुठली. तिला आधी वाटली ती सोय. आता सारखं आत डोकवायला नको. दार लावून खुशाल काम करावं, म्हैस हंबरली की हात धुवावेत आणि पाणी घेऊन आत जावं. एकदाही चुकामूक झाली नाही.

थोरलीची मुलगी सुट्टी मिळाली की यायची. तिला सगळे चिमणी म्हणायचे. अंगाने ती दोन माणसांची होती, दारात उभी राहिली की खोलीत अंधार व्हायचा, पण लहानपणी चिकटलेलं नाव कोण सोडवत बसतो.

"काकू, आई जागी झाली हे तुला बाहेर कसं कळतं गं?"

"म्हशीला कळतं."

"कोणत्या म्हशीला?"

"तुझ्या आईनेच नाव ठेवलंय, तिलाच विचार बरी झाली की. आणि ते दूध उतू चाललंय ते बघ आधी."

चिमणी दुधाकडे धावली. धाकटीने तिला आणखी काही सांगितलं नाही. सांगून ते वाक्य कसं दिसेल, याचा तिने विचार करून बघितला होता.

५

हळूहळू म्हैस कमी हंबरायला लागली.

आधी दिवसातून बऱ्याचदा, मग सकाळ-संध्याकाळ, मग कधी एखादी वेळ. थोरली झोपूनच असायची. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे, पिशवी बंद करायचे. पहिल्यांदा ज्या आवाजाने धाकटीच्या अंगावर काटा आला होता, त्याच आवाजाची ती आता कान देऊन वाट बघायची. तो आला की थोरली अजून परत येतेय. तो नसला की कारखान्यात दोघी.

त्या शांततेशी ती बोलायला लागली. "बसा, बसा. मी वायरींत डोकं घालते, तुम्ही बसा. जन्मभर हेच झालंय." किंवा, "तो डावा हात राहिला म्हणून बसून राहिलात ना? माहितीये मला. माझ्या हाताला ती गोलाई यायची नाही, आणि मी प्रयत्न केला तर तुम्हीच शिव्या घालाल." कोणी शिव्या घालत नव्हतं. तेच तिला लागायचं.

थोरली पडल्यापासून कारखाना झाडलेला नव्हता. बारीक भुसा सगळीकडे बसला होता, हत्यारांवर, दिव्याच्या शेडवर, बाकाच्या मधल्या आणि उजव्या जागेवर. डावी जागा तेवढी स्वच्छ होती, रोजच्या वापरातल्या खुर्चीसारखी तुळतुळीत. धाकटीने तिथे बोट टेकवून बघितलं. बाक चढ्या आवाजात वाजला, कोणीतरी आहेच त्यात आणखी एकाची भर पडावी तसा. तिने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. "लागलं?" असं ती म्हणाली.

डाव्या टोकाखाली एक वायर अजून बांधायची होती. ते काम ती रोज उद्यावर ढकलायची. तिथे गुडघे टेकून बसायचं म्हणजे कोणाच्या तरी पायांशी, दोन पावलांच्या मध्ये बसायचं. तिला तिथे मान खाली घालायचा धीर होईना. मान वर करायचाही झाला नसता.

६

त्या दिवशी सकाळपासून म्हैस हंबरलीच नाही. दुपार कलली तरी नाही. धाकटीने ओळखलं, आज डोळे उघडणार नाहीत. चिमणीला कसं कळवायचं याची मनात जुळवाजुळव करत ती आतल्या खोलीत गेली.

थोरली पलंगाच्या काठावर बसली होती. पाय खाली सोडलेले, केस मागे सारलेले, गेलेला उजवा हात मांडीवर सरळ.

"चहा देतेस?" ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

धाकटी पुढे झाली आणि तिने थोरलीला मिठी मारली. असली थेरं त्या घरात चालत नसत. आयुष्यात एकदाच तिने असा प्रयत्न केला होता, नवरा गेला तेव्हा, आणि थोरलीने तिला कोपराने ढकलून "आधी जेव" म्हटलं होतं. आज थोरलीने मिठी मारू दिली. अंग गरम होतं. श्वास चालू होता. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्याच वेळी तिचा कान भिंतीकडे लागला होता. डोळे उघडे आहेत, आणि पलीकडे शांत आहे.

चहा करून थोरलीच्या हातात देऊन ती कारखान्यात गेली. बॅटरी संपली असेल. मधल्या जागेवर हात ठेवला, बाक खणखणीत वाजला. डाव्या टोकावर ठेवला, चढ्या सुरात वाजला. हात काढला. काटा मधोमध, शून्यावर, हलत नव्हता.

ती परत आली तेव्हा थोरलीचा चहा अर्धा झाला होता. तिने तो वाफाळता पेला पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला. नुसत्या लाकडावर, खाली काही न घेता. या घरात पाहुण्याने तसा पेला टेकवला तर थोरली तो त्याच्या हाताखालून उचलायची, मग पाहुणा सासरचा असो की सरकारी. पेल्याखाली पॉलिशवर पांढरं वर्तुळ उमटलं. थोरलीने ते बघितलं. तिच्या चेहऱ्याला काहीच झालं नाही.

"छान झालाय," ती म्हणाली. "तुझे फार कष्ट झाले माझ्यापायी."

धाकटीच्या चहाला थोरलीने उभ्या जन्मात छान म्हटलं नव्हतं.

७

"होतं असं कधी कधी," डॉक्टर म्हणाले आणि या वेळी त्यांनी पिशवी पटकन भरली. चिमणी धावत आली, रडली, हसली, आईचे हात गालाला लावून बसली. आई सगळ्याला हो म्हणायची. जेवण चांगलं आहे म्हणायची. उशी मऊ आहे म्हणायची. चिमणीने ठरवलं, आईला आपल्याकडे न्यायचं.

"थांब जरा. एवढी घाई कसली?" धाकटी म्हणाली.

"घाई? अगं, आरशात बघ स्वतःला. किती वाळलीस तू. आता माझी पाळी, काकू."

"तिला इथली सवय आहे."

"मी विचारलं तिला. यायचं म्हणतेय."

"ती म्हणतेय?"

"मग आणखी कोण? आई कधी आपणहून माझ्याकडे यायचं म्हणाली होती का? 'तुझ्या घरातल्या कपाटांकडे बघवत नाही' म्हणायची मला." चिमणी हसली. मग तिचा चेहरा उतरला. "काकू, एक विचारू? आई बरी झाल्यापासून तू तिच्यापाशी बसत नाहीस. दिवसभर त्या बाकाजवळ असतेस. तुला आई बरी व्हायला नको होती का?"

काय सांगायचं? तुझी आई भिंतीपलीकडे बसलीय, आणि तू जिच्या केसांना तेल लावतेस ती कोण ते मला माहीत नाही? आजारात माणूस बदलतं, हे धाकटीलाही कळत होतं. काटा अडकू शकतो. पट्टी सैल होऊ शकते. पेला कोणीही कुठेही ठेवतं. आणि चिमणीच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला होता. तो पुसायचा तर हातात काहीतरी पक्कं हवं.

"जाण्याआधी एकदा बाकावर बसून तर जा म्हणावं," ती म्हणाली. "तिनेच केलाय."

८

निघायच्या सकाळी चिमणी आईला हाताला धरून कारखान्यात घेऊन आली. थोरली उंबऱ्यावर थबकली.

"राहू दे," ती म्हणाली.

"असं काय आई, तुझा बाक. बस ना एकदा."

थोरली आत आली. हत्यारांच्या भिंतीकडे तिने बघितलंही नाही. ती बाकाच्या डाव्या टोकाशी गेली आणि बसली. कशी बसली ते धाकटीने नीट बघितलं. एवढा थोरला बाक मोकळा असताना ती पुढच्या काठावर टेकली, अंग चोरून, एक खांदा पुढे काढून, पदर गोळा करून. भरलेल्या गाडीत कोणी जरा सरकून जागा दिली की माणूस बसतं, तशी. पाठ तिने टेकली नाही.

बाक वाजला नाही.

"बंद आहे का?" म्हणत चिमणी उजव्या टोकाला बसली. बाक घुमला. ती दचकली आणि मग हसत सुटली. "बाप रे, माझ्या वजनाचा केवढा हा आवाज." मधल्या जागेवर तिने हात आपटला, तिथेही सूर लागला. आईच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "आई, तुझं अंगच राहिलं नाही गं. त्याला कळतच नाहीये तू बसलीस ते. चल, घरी नेऊन चांगली खायला घालते तुला."

धाकटी मीटरसमोर उभी होती. डाव्या टोकाचा काटा केसभरही हलला नव्हता. भरही नाही, घटही नाही.

तिने मान वर केली तर थोरली तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. परक्या घरात उतरलेला पाहुणा, मालकीण आता काय म्हणेल म्हणून बघतो, तेवढंच होतं.

"मी फार जागा घेत नाही," ती हळूच म्हणाली.

"अगं, घे की," चिमणी म्हणाली आणि तिने आईला उठवलं.

९

गाडी गेली. धाकटीने दार लावून घेतलं आणि ती बाकासमोर येऊन उभी राहिली. शांत होतं. कोणीतरी बसलेलं होतं.

आता ही माझ्यापाशी, तिच्या मनात आलं. दोघींचं उरलंसुरलं असंच गेलं तर काय वाईट? मी काम करीन, ती बसेल. जेवायला एकटीच असेन, पण ते तर एवढे दिवस चाललंच आहे. हिच्याशिवाय राहायचं तिने कधी शिकून घेतलं नव्हतं. रेडिओसारखं ते उघडून बघता येत नव्हतं. तिने हाताशी होतं ते काम उचललं, एक वायर सोलली, दुसरी सोलली. मग हातातलं सगळं खाली ठेवलं. आत्ता त्या गाडीत चिमणी वाटेतल्या गोष्टी आईला दाखवत असेल. घरी गेल्यावर तिला भरवेल, सणकून रागावेल, तिच्या कुशीत डोकं ठेवेल. वर्षानुवर्षं ठेवेल. आणि ज्या हातात हात देऊन बसेल त्या हातात तिची आई नसेल.

"जाऊबाई, उठा," ती म्हणाली.

काटा स्थिर होता.

"बाक झालाय. तो हात राहिला तर राहिला, मुलं काही बोलणार नाहीत. तुमची पोरगी आत्ता कोणाला तरी घेऊन गेलीय इथून. भोळी आहे ती, तिला कळणार नाही. तुम्ही जा."

काही नाही.

"इथलं मी बघते. मला काय होतंय? मी आहे, माझे रेडिओ आहेत." ती एक पाऊल पुढे आली. "ऊठ गं. ऊठ म्हणते ना. आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस तू, कुठल्या लाकडाला कुठे भोक पाडायचं तेसुद्धा नाही. हे एवढं ऐक. गाडी वळायच्या आत ऊठ."

काटा थरथरला. निम्मा खाली आला, थांबला. धाकटी बाजूला झाली, दाराकडची वाट मोकळी करून, भिंतीला पाठ लावून. मग काटा उरलेला पडला आणि म्हैस हंबरायला लागली. दाराची कडी वाजली नाही, वारा आला नाही. तिच्या खांद्याजवळून जाताना कोणीतरी क्षणभर थांबल्यासारखं तिला वाटलं. कदाचित वाटावं अशी तिची इच्छा असेल.

फोन वाजला तेव्हा ती अजून भिंतीलाच टेकलेली होती.

"काकू, आई बरी आहे, काळजी करू नकोस," चिमणी म्हणाली. "फक्त बघ ना, मागे पार दाराला चिकटून बसलीय. आत्तापर्यंत छान पसरून बसली होती. म्हटलं ऐसपैस बस, सगळी सीट तुझीच आहे, तर नको म्हणते."

"काही बोलतेय?"

"डोळ्यांतून पाणी येतंय. का ते सांगत नाही. आणि काकू, तो आवाज कसला येतोय गं तुझ्यामागे?"

"बाकाचं काम चाललंय," धाकटी म्हणाली. "तिला बसू दे तशीच. आणि हे बघ, शेजारच्या जागेवर सामान ठेवू नकोस."

१०

शाळेच्या मोठ्या बाई बाक न्यायला टेम्पो घेऊन आल्या. त्यांनाही दिसत नव्हतं. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्या आत आल्या आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून उभ्या राहिल्या.

"हा बाक?"

"हा. डावं टोक रिकामं असलं की असा आवाज येतो. कोणी बसलं की थांबतो. बाकीचा तुम्ही सांगितलात तसा आहे."

त्यांनी मागितलेलं हे नव्हतं, आणि धाकटीने असं काम कधी दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. बोट बटणावर नेऊन तिने बऱ्याचदा मागे घेतलं होतं. एकदा दाबलं की काटा मधोमध येणार, आवाज बंद होणार, आणि थोरली नसणं हेच बरोबर ठरणार. तेवढं तिच्याच्याने झालं नाही. बाई नको म्हणाल्या असत्या तर बाक तिथेच राहिला असता, आणि तिची त्यालाही तयारी होती.

बाई चाचपत पुढे आल्या. डाव्या टोकाला बसल्या. म्हैस गप्प झाली. उठल्या. सुरू झाली. त्या मोठ्याने हसल्या.

"अहो, हे तर बेस झालं. आमची पोरं चाचपत जातात आणि एकमेकांच्या मांडीवर बसतात, मग मारामाऱ्या. आता व्हरांड्याच्या त्या टोकावरून कळेल, जागा आहे की नाही."

"हो."

"आवाज आला तर रिकामा. गप्प असला, तर कोणीतरी बसलंय."

"हो," धाकटी म्हणाली. तिने बटणाच्या डबीवर झाकण बसवून त्याला खिळा मारला. "हे उघडायचं नाही. बॅटरी बदलली तरी चालेल, याला हात लावायचा नाही. आणि मुलांना एक सांगून ठेवा. बाक गप्प असला आणि हाताला कोणी लागलं नाही, तरी एकदम बसायचं नाही. आधी विचारायचं."

"कोणाला विचारायचं?"

"थोरलीला," धाकटी म्हणाली.

ड्रायव्हरने उजवं टोक धरलं. डावं धाकटीने स्वतः उचललं. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार हलकं होतं.